पाणी देऊन ती कुठे जाते? मराठवाड्यातल्या कथा-कादंबरीकारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यात राहून, किंवा मराठवाडा मनात ठेवून, कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. सोळा वर्षं झाली. दोन खोल्या, पाच कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल. सकाळी म्हातारी माणसं पेपर वाचून जातात, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात आणि शाळा सुटली की तास-दीड तास लेकरांचा गलका असतो. तुमची पुस्तकं या लेकरांच्या हातात मीच देते, म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला हक्क आहे असं मी समजते.

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीनं एक कादंबरी परत आणून दिली. आपल्याच भागातली, दुष्काळावरची. नाव घेत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका पुस्तकाबद्दल नाही. वहीत सही करता करता ती म्हणाली, “मॅडम, ह्या घरात एक पोरगी हाय. पाव्हणे आले की पाणी आणून देती. चार वेळा आली. पाणी देऊन ती कुठं जाती?”

मी म्हटलं, “आत जात असेल.”

“आत जाऊन काय करती? तिला काय वाटतं, हे कामून लिहिलं नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. रात्री ते पुस्तक मी घरी नेलं आणि पुन्हा चाळलं. मुलगी बरोबर होती. चार वेळा. एकदा तांब्या-फुलपात्र, एकदा नुसता तांब्या, दोनदा चहा. बोअर किती फुटांवर कोरडा गेला ते त्या पुस्तकात होतं, सोसायटीचं कर्ज किती थकलं ते होतं, बैल किती रुपयांना गेला ते होतं. पोरीचं नाव नव्हतं.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी कपाटातल्या पुस्तकांकडं त्याच नजरेनं बघायला लागले. घर आहे, घरात माणसं आहेत, पण त्या घरात लेकरू मोठं कसं होतं हे फार थोड्या ठिकाणी सापडलं.

तुम्ही जे केलंय ते मी विसरलेली नाही. आमची बोली छापलेल्या पानावर आणणारे तुम्हीच. लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली आली. एका शिंप्याच्या बायकोनं आपल्या घराची गोष्ट आपल्याच भाषेत सांगितली. ती पुस्तकात पाहुणी म्हणून येत नाही, पुस्तकच तिच्या तोंडून येतं. आमच्याकडच्या बाया ते पुस्तक वाचताना मध्येच थांबून म्हणतात, “अशीच बोलायची माझी सासू.” त्याच्याही कितीतरी आधी, १८९० च्या सुमारास, हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली ती एका मुलीच्या तोंडूनच. पुण्याचं पांढरपेशं घर, काळ वेगळा, जात वेगळी. पण यमू लहानाची मोठी होते ती आपल्या डोळ्यांदेखत. तिला कशाची भीती वाटते, भावाशी ती काय बोलते, सासरी गेल्यावर पहिल्यांदा काय गिळून टाकते, हे सगळं आपल्याला कळतं. म्हणजे मराठी कादंबरीला हे येत नव्हतं असं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आलेलं आहे. मग आमच्या पोरींच्या वाट्याला तांब्या-फुलपात्रच का?

आणि पोरींचंच नाही. पोरांचंही तेच आहे.

आपल्या कादंबऱ्यांतलं घर उघडलं की माणसं जागेवर बसलेली सापडतात. बाप सोसणारा. आई माउली. थोरला घरासाठी आयुष्य जाळणारा. धाकटा गावच्या पुढाऱ्याच्या नादी लागून बिघडलेला. शहरात नोकरीला गेलेला भाऊ पैसे न पाठवणारा, त्याची बायको घर फोडणारी. आजी ओव्या म्हणणारी. ही माणसं खोटी नाहीत, आमच्या आळीत सगळी आहेत. पण ती जन्मताना अशी नव्हती. थोरला हा थोरला होतो. कुणीतरी त्याला करतं, एका ठरावीक दिवशी, चार माणसांसमोर. तो दिवस पुस्तकात नसतो.

मी एक असा दिवस पाहिलेला आहे. माझे वडील आजारपणात गेले तेव्हा माझा भाऊ दहावीत होता आणि मी बारा वर्षांची. तेराव्याला पाहुणे दुखवट्याच्या टोप्या घेऊन आले. भावाचं डोकं तासलेलं, कानाच्या वर वस्तऱ्याचा एक ओरखडा. पहिली टोपी मामांनी घातली. तिच्यावर चुलत्यानं दुसरी. मग आत्याचे मालक, मग आईचे मावसभाऊ. एकावर एक टोप्या चढत गेल्या. सातवी काही केल्या बसेना, तेव्हा त्यानं वरच्या तीन काढून मांडीवर ठेवल्या आणि हातानं नीट रचल्या. मी समोरच बसले होते. असलं काही घडलं की आम्ही दोघं एकमेकांकडं बघून तोंड दाबून हसायचो. मला वाटलं, आता तो माझ्याकडं बघेल. त्यानं बघितलं नाही.

त्या रात्री आईनं जेवायला वाढलं. तोवर आम्ही भावंडं एका ताटात जेवायचो. आईनं त्याचं ताट वेगळं केलं, आधी त्याला वाढलं आणि त्याचं होईपर्यंत मला थांबायला सांगितलं. कुणी कुणावर ओरडलं नाही. कुणी रडलंही नाही. पण त्या ताटानंतर मला माझा भाऊ पुन्हा तसा मिळाला नाही.

त्याची शाळा सुटली. माझी चालू राहिली, ती त्याच्यामुळं. आणि माझी सोयरीक कुठं करायची, सुपारी कधी फोडायची, हेही त्यानंच ठरवलं, स्वतःचं वय बावीस असताना. मला विचारलं नाही. कसं विचारायचं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. तो माझा उपकारकर्ता आहे आणि माझ्यावर अन्याय करणाराही तोच आहे, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग लावताना तो अजून शीळ घालतो. असा भाऊ मला पुस्तकात भेटत नाही. पुस्तकातला थोरला एकतर देव असतो, नाहीतर दैत्य.

आपल्याकडं बाप मेला की कादंबरी संपते, हे मी खूप वेळा पाहिलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर लिहिणं गरजेचं होतं, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. पण घरात खरी उलथापालथ होते ती त्यानंतर. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. पात्र ठरलं तर १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. हे आकडे तुम्हाला माहीत आहेत. पण त्या दिवसांत आईबरोबर तहसीलला जाणारं, झेरॉक्सची पिशवी सांभाळणारं, साहेब काय म्हणाले ते आईला समजावून सांगणारं चौदा वर्षांचं पोरगं तुम्ही किती वेळा लिहिलंत? ‘अपात्र’ हा शब्द पोरगं त्या खिडकीपाशी शिकतं. संध्याकाळी तेच पोरगं वाचनालयात येऊन क्रिकेटचं पान मागतं. दोन्ही एकाच दिवशी.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकातून आमच्या कितीतरी लेकरांपर्यंत पोचली. भाव पडल्यावर भर बाजारात स्वतःचे टोमॅटो पायाखाली तुडवणारा बाप, आणि ते बघणारं त्याचं शाळकरी पोरगं. पोरांना ही गोष्ट का आवडते हे मी विचारलंय. त्यांना बाप पाठ होतो, पण गोष्ट आपली वाटते ती सांगणाऱ्या पोरामुळं. ते कुठं उभं आहे, काय बघतंय, बापाची त्याला लाज वाटते की कीव येते, याची पोरं आपापसात चर्चा करतात. ती कथा जिथं संपते तिथंच संपायला हवी होती. पण तिच्यानंतरच्या लिहिणाऱ्यांनी त्या पोराचा हात धरून त्याला घरापर्यंत न्यायला हवं होतं. ते पोरगं अजून बाजारातच उभं आहे.

आता चार माणसांविषयी. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मराठीत सगळीकडं आहे, पण आमच्याकडं त्या लोकांना चेहरा असतो. भावकी असते, सोयरे असतात, पारावर बसणारे असतात. आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आहे. अकरावीतल्या मुलीनं स्टेटसला गाणं ठेवलं, की चुलतभाऊ तिच्या आईला फोन करतो. आई तिला काही बोलत नाही, फक्त रात्री फोन स्वतःच्या उशाखाली ठेवून झोपते. या धाकात कुणी मारत नाही, कुणी दारही लावत नाही. हा धाक लिहायला अवघड आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच तो तुमच्याकडून हवा आहे, बातमीदाराकडून नको.

शहरातल्या कादंबरीतला तरुण एकटा असतो, खोलीत बसून विचार करतो, ते मी वाचते आणि मला ते आवडतंही. पण आमच्याकडं एकटं बसायला खोलीच नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीहून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. पुष्कळ लिहिणाऱ्यांनी पुढं ती जाण्या-येण्याची वाट धरली. त्यात वाईट काही नाही. पण साठ वर्षांनंतरही वाचकाचा गळा दाटतो तो पुण्यावर नाही, धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणाच्या पानांवर. हे वाचनालयात मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पोरांना मोठं व्हायला घराबाहेर पडता येत नाही. त्यांना घरातच, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या मध्ये मोठं व्हावं लागतं. त्याची कादंबरी वेगळी होईल.

जी पोरं बाहेर जातात त्यांचंही सांगते. आमच्या गावातली पाच-सहा मुलं तरी दरवर्षी ‘नीट’च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लातूरला असतात. एका खोलीत तिघं, मेसचा डबा, भिंतीवर वेळापत्रक. एक जण दिवाळीच्या सुटीत माझ्याकडं आला. दुसऱ्यांदा रिपीट करत होता. वडिलांनी त्याच्यासाठी एकर विकलेलं, हे गावाला माहीत होतं आणि गावाला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं एक कादंबरी घेतली आणि मला म्हणाला, “मॅडम, हिला जीवशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर घालून देता का?” मी घालून दिलं. खाकी कागद, वर त्याच्याच हातानं विषयाचं नाव. चार दिवसांनी पुस्तक परत आलं ते कव्हरासकट. त्यात एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता. आपण वाचलं याची खूणसुद्धा मागं राहू नये, इतकी काळजी. हा मुलगा मला तुमच्या पुस्तकात भेटवा. त्याला पुढं डॉक्टर करू नका आणि रेल्वेखाली घालू नका. दोन्ही फार झालं.

लग्न न जमणाऱ्या पोरांवर सध्या खूप लिहिलं जातंय. तीस ओलांडलेली, पाच-सात एकर असलेली, गावातच राहिलेली मुलं. त्यांचं दुःख खरं आहे, माझ्या सख्ख्या पुतण्याचं तेच चाललंय. पण या गोष्टींत दोष ठरलेला असतो: पोरींच्या अपेक्षा वाढल्या. मला एकच म्हणायचंय. जी पोरगी शेतकरी नवरा नको म्हणते, तिनं आपल्या आईला भर उन्हात कापूस वेचताना बघितलंय, संध्याकाळी सरपणाचा भारा आणताना बघितलंय आणि एवढं करून सातबाऱ्यावर तिचं नाव नसलेलंही बघितलंय. तिचा नकार तिनं ज्या घरात बघितलं त्या घरातून आला आहे. आणि तिचा बाप? स्वतः शेतकरी असून जावई नोकरीवालाच शोधतो, आणि सून मात्र शेतात राबणारी हवी म्हणतो. त्या बापाच्या मनात हे दोन्ही एकाच वेळी कसं राहतं, हे कुणीतरी लिहा. मला ते खरंच समजून घ्यायचंय.

ऊसतोडीचं लिहिल्याशिवाय बीडच्या माणसाचं पत्र पुरं होत नाही. दसरा-दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. आमच्या कपाटात यावरची पुस्तकं आहेत. मुकादम आहे, फड आहे, राहायची कोपी म्हणजे झोपडी आहे, थंडीत रात्री गाडी भरायला उठणं आहे. कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी असलेली दहा-अकरा वर्षांची मुलगीही असते, एका ओळीपुरती. ती मुलगी मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा मी तिला ओळखते, कारण पुस्तक बदलायला येणं बंद करून ती धाकट्याला घेऊन दारापर्यंतच येते. आत ये म्हटलं की म्हणते, “हा रडंल.” सहा महिन्यांत ती आईच्या जागची झालेली असते. भाकरी पातळ झाली तर आईच तिच्यावर चिडते, बाप चिडत नाही. आई चिडते, कारण आता ती दोघींतली दुसरी बाई आहे. मायलेकींमधलं हे नातं बदलतं तो नेमका कुठला दिवस असेल?

आणि मग तिचं लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २२ टक्क्यांच्या आसपास निघालं. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं, आमच्या बीडमध्ये ४३ टक्क्यांवर. म्हणजे माझ्याकडून पुस्तक नेणाऱ्या दर दोन-अडीच मुलींमागं एक. कथेत हे लग्न येतं तेव्हा ते एक संकट म्हणून येतं, रडारड होते, कधी पोलीस येतात, कधी कुणी शिक्षिका मुलीला वाचवते. ज्या मुलीला कुणी वाचवलं नाही, तिचं पुढं आयुष्य असतं. ती सोळाव्या वर्षी सासरी जाते आणि तिथंही मोठी होतच राहते. तिला पहिल्यांदा हसू कधी येतं, नणंदेशी तिची मैत्री कशी जमते, माहेरी आल्यावर वर्गातल्या मैत्रिणीशी ती काय बोलते, हे तिचंच वय आहे, अजून संपलेलं नाही. आणि तिचा नवरा बहुतेक वेळा एकोणीस-वीसचा असतो. त्यालाही कुणी विचारलेलं नसतं. गोष्टीत त्याला सरळ पुरुष म्हणून उभं करतात. तो पोरगा आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आम्ही वास्तव लिहितो, आणि वास्तवात ती पोरगी पाणी देऊन आतच जाते. खरं आहे. पण आत हीसुद्धा घराचीच जागा आहे. ओसरीवर जे चालतं तेवढंच वास्तव, असं कुणी ठरवलं? तुमच्यातले पुष्कळ जण ओसरीवर बसून मोठे झाले, म्हणून तुम्हाला ओसरीवरचं ऐकू येतं. ज्या लेखिका आत होत्या त्यांच्याकडून मला जास्त आशा आहे, हे मी स्पष्टच लिहिते. लेखकांनी मात्र ते आपलं काम नाही असं समजू नये. आपट्यांनी समजलं नव्हतं.

प्रकाशकांसाठीही एक ओळ. माझ्याकडं बालसाहित्याचं एक कपाट आहे आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांची दोन. तेरा ते सतरा वयाच्या वाचकासाठी एक फळी आहे, तिच्यावर बहुतेक थोरांची चरित्रं आणि सामान्य ज्ञान. राजा-राणी संपल्यावर लेकरू थेट दुष्काळात येऊन पडतं. मधली पाच वर्षं छापलेलीच नाहीत.

त्या नववीतल्या मुलीचं सांगायचं राहिलं. मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी तिला एक शंभर पानी वही दिली आणि म्हटलं, ती पोरगी कुठं जाते ते तूच लिही. पंधरा दिवस ती फिरकली नाही. मग आली, वही टेबलावर ठेवली आणि पेपर चाळत बसली, जणू तिचा आणि वहीचा काही संबंध नाही. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: “ती चुलीपाशी जाती. तिथून सगळं ऐकू येतं. बाबा पाव्हण्यांना खोटं सांगत होते की अवंदा सोयाबीन बरं झालं. तिला खोटं कळलं पण बाबाचा राग आला नाही.” त्याखाली त्या मुलीचं नाव ठेवलेलं होतं. मग खोडून दुसरं. तेही खोडून तिसरं.

आता ती दहावीत आहे आणि वहीची एकवीस पानं झाली आहेत. वही ती घरी नेत नाही, माझ्याच टेबलाच्या खणात ठेवते. तिला विचारून सांगते, तुमच्यापैकी कुणी आलं तर ती वाचायला देईल म्हणाली, पण ती समोर असताना नाही. तिच्या घरी सध्या पाहुणे यायला लागले आहेत, त्यामुळं फार उशीर करू नका.

वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा उघडं असतं. सोमवारी सुटी.

आपली,
एक ग्रंथपाल
जिल्हा बीड